उन्हाळ्यात सोलर पॅनेल थंड कसे ठेवावे

एप्रिल-मेमध्ये बेळगाव, निपाणी, अथणी भागात ऊन मी म्हणते, तरी भर दुपारी सोलरची वीज मनासारखी होत नाही. याचे कारण सरळ आहे. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नको असते. पॅनेलवर छापलेले वॅट आतल्या सेलचे तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. हवा ३७ अंश असली की छपरावरचे पॅनेल सहज ६०-६५ अंशांवर जाते, म्हणजे १० ते १५ टक्के वीज तिथेच गेली.

आधी आपल्या पॅनेलच्या माहितीपत्रकात ‘टेम्परेचर कोइफिशंट’ची, म्हणजे दर अंशाला किती टक्के वीज घटते ते सांगणारी ओळ शोधा. तिथे उणे ०.२९ असेल तर पॅनेल उष्णतेला चांगले, उणे ०.४ असेल तर पुढची कामे जास्तच मन लावून करा.

सगळ्यात मोठे काम वाऱ्याचे, आणि ते फुकट होते. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू देऊ नका. खाली निदान वीतभर मोकळी जागा हवीच. स्लॅबवर सांगाडा उंच घेतलात तर उत्तम, पण वळवाच्या सोसाट्यात तो हलू नये एवढा पाया भक्कम करून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, ती बाजू अडवू नका. पॅनेलखाली सरपण, शेणी, जुने पत्रे रचून ठेवायची सवय बऱ्याच गच्च्यांवर दिसते. ते सगळे काढा. खालच्या स्लॅबला पांढरा कूल-रूफ रंग किंवा चुना दिलात तर गच्ची कमी तापते आणि खालची खोलीही सुसह्य होते.

मग धुणे. पॅनेल सकाळी लवकर, काच गार असताना धुवा. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाणी पडले तर जे होते, ते दुपारी पॅनेलचेही होऊ शकते. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीची राख काचेवर बसते, ती मऊ फडक्याने पुसा. बोअरचे जड पाणी वाळले की पांढरा थर धरतो, म्हणून पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर तेच वापरा. पॅनेलवर पाय देऊ नका, जोडण्यांना ओला हात लावू नका, प्रेशरचा फवारा मारू नका.

पाण्याचे तुषार सोडून दिवसभर पॅनेल गार ठेवायचा सल्ला हल्ली खूप मिळतो. आधी हिशेब करा. ३ किलोवॅटच्या संचात तापमान २० अंशांनी उतरले तर दुपारी जेमतेम २०० वॅट वाढतात. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर एकटीच ३७० वॅटच्या वर खाते. मोटर सतत चालली तर तोटाच, आणि मे महिन्यात पाणी वाया जाते ते वेगळेच. करायचेच असेल तर टाकीच्या उतारावरून, मोटरविना, पॅनेलच्या वरच्या कडेला बारीक भोकांची नळी लावा. काच तापण्याआधीच सुरुवात करून थोड्या-थोड्या वेळाने पाणी सोडा आणि खाली पन्हळ लावून ते झाडांना वळवा.

इन्व्हर्टरही उन्हात नको. तो सावलीत, हवेशीर भिंतीवर लावा. तापला की तो स्वतःच वीज कमी करतो.

फरक पाहायचा तर लागोपाठच्या दोन निरभ्र दिवशी, दुपारी एकाच वेळेला इन्व्हर्टरच्या ॲपवरचे वॅट टिपून घ्या: एकदा बदल करण्याआधी, एकदा केल्यावर. हेस्कॉम या वीज कंपनीच्या महिन्याच्या बिलावरून हे कळत नाही, कारण त्यात ढग आणि घरातला वापर दोन्ही मिसळलेले असतात.