नवी कार्यकर्ती टिकवायची असेल तर

एमएसडब्ल्यू (समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी) झालेली मुलगी जूनमध्ये रुजू होते आणि दिवाळीला घरी गेली की तिकडूनच व्हॉट्सअ‍ॅपवर राजीनामा धाडते. बीड-जालन्याकडं मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना याचं आता नवल राहिलेलं नाही. कारण विचारा, 'घरची अडचण आहे ताई' एवढंच उत्तर. मानधन तुटपुंजं असतं हे कबूल. पण तेवढ्याच मानधनात काही जणी वर्षानुवर्षं काम करतात, त्या का राहतात? नवी माणसं तयार करता करता माझं एक मत पक्कं झालंय. पैशावरून माणूस कुरकुरतो, जातो मात्र एकटा पडला की. एखाद्या लेकराचं काय करायचं, हा निर्णय आपल्या एकटीच्या डोक्यावर आहे असं वाटायला लागलं की ती मनानं गेलेलीच असते. त्यामुळं शिकवणं वेगळं आणि टिकवणं वेगळं, असं मी धरत नाही.

पहिला महिना तिच्या नावावर एकही केस टाकू नका. जुन्या कार्यकर्तीच्या मागं गाडीवर बसू द्या. बाल कल्याण समिती, म्हणजे निराधार किंवा अडचणीतल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, तिच्या बैठकीला नेऊन नुसतं बसवा. अध्यक्ष आणि चार सदस्य समोर असताना मुलाची आजी कशी गप्प होते, पोरगं कुणाकडं बघतं, हे तिला दिसलं पाहिजे. बाल न्याय अधिनियम २०१५ तिला पाठ असतो. मूल सापडल्यापासून २४ तासांत समितीपुढं, सामाजिक तपासणी १५ दिवसांत, अंतिम आदेश चार महिन्यांत, हे ती झोपेतही सांगेल. पण शनिवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर तापानं फणफणलेलं पोरगं सापडलं, तर आधी सरकारी दवाखाना की आधी ठाण्यातली नोंद, समितीच्या कुठल्या सदस्याला फोन लावायचा, रात्री मूल कुठं ठेवायचं, हे कॉलेजात नसतं. ते तुम्ही शिकवायचं. तिच्या पिशवीत मुलाच्या मापाचे एकदोन कपडे, बिस्किटं, कोरे फॉर्म आणि चार्जर कायम असू द्या.

ठाण्यातलं बोलणं तर तालीम करूनच घ्या. पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत आणि जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यावा, असं कायदाच सांगतो. हे बावीस वर्षांच्या मुलीनं ठाणेदाराला सांगायचं कसं? ऑफिसात एकाला ठाणेदार करा. आमच्याकडं हिशेबनीस भाऊ हे काम फार मनापासून करतात, कधी कधी जरा जास्तच. तिचा आवाज न चढता, न रडता, पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणून झालं की मग तिला खऱ्या ठाण्यात पाठवा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो अहवाल लिहायला शिकवण्यावर. नवी मुलगी हमखास लिहिते: 'घरची परिस्थिती हलाखीची असून पालकांचे मुलीकडे दुर्लक्ष आहे.' हा कागद परत करायचा. दुर्लक्ष म्हणजे तू काय पाहिलंस? कुणी सांगितलं? कधी? ती पुन्हा जाऊन येते आणि मग असं लिहिते: 'आई-वडील दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर गेले. मुलगी, वय १३, आजीजवळ असते. आजीला मोतीबिंदू, संध्याकाळनंतर दिसत नाही. स्वयंपाक मुलगी करते. हजेरीपटावर नोव्हेंबरपासून गैरहजर. दाराला आतून कडी नाही. चुलत्याचं घर शेजारी, तो रात्री पिऊन येतो असं आजी म्हणाली.'

पहिल्या अहवालातून एकच वाट निघते: मुलीला बालगृहात टाका. दुसऱ्यातून कामं निघतात. कडी उद्याच बसवता येते. आजीचं ऑपरेशन शिबिरात लावता येतं. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू आहे का ते मुख्याध्यापकांना विचारता येतं. चुलत्याचं काय करायचं, यावर बसून बोलावं लागतं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्यातच लिहिलंय, पण ढोबळ अहवाल तोच पहिला करून टाकतो. आणि टिकण्याच्या बाजूनं बघा: पहिला अहवाल लिहिणारीला आपण काही करू शकत नाही असंच वाटत राहतं. दुसरा लिहिणारीला कडी बसलेली दिसते.

गृहभेटीचे शिष्टाचार थोडक्यात सांगते. देतील त्यावर बसायचं, पाणी घ्यायचं, फॉर्म लगेच बाहेर काढायचा नाही. मुकादम (ऊसतोडीला टोळी नेणारा) किंवा भावकीतला कुणी दारात उभा असेल तर मुलीला काही विचारायचं नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, हा प्रश्न पहिल्या भेटीत नाही. मुलांचे फोटो काढून कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत. मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, देणगीदाराला कितीही हौस असली तरी.

बालविवाहाचा फोन येतो तो हळदीच्या दिवशी. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला, ठाण्याला आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवायचं, हे तिला माहीत असतं. तुमचं काम वेगळं आहे. ती त्याच तालुक्यातली. परवा नवरीच्या मामाबरोबर एकाच एसटीत बसणार आहे. म्हणून पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, सही तुमची. तिचं नाव कुठंही नको. मांडवात तिला एकटीला तर पाठवायचंच नाही. हे एकदा पाळलं नाही तर पुढं कितीही कार्यशाळा घ्या, उपयोग नाही.

आठवड्यातून एक तास तिच्याबरोबर बंद दाराआड बसा. आढावा बैठक वेगळी, तिथं आकडे मागतात. इथं दोनच गोष्टी विचारा: कुठलं घर डोक्यातून जात नाही, आणि कुठला निर्णय मी घ्यावा असं तुला वाटतं. जे ठरेल ते वहीत लिहा आणि दोघींनी सह्या करा. ही वही ऑडिटला कुणी मागत नाही. पण रात्री झोप येत नाही तेव्हा आपल्या सहीशेजारी आणखी एक सही आहे, हे तिला पुरतं.

केसेस मोजू नका, तोला. कोर्टात साक्ष लागलेली एक पोक्सोची केस दहा साध्या फॉलोअपांइतका वेळ खाते. पीडित मुलीच्या आईला धीर द्या, वकिलांच्या मागं लागा, तारीख पुढं ढकलली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. अशी केस चालू असेल तर बाकीच्या कमी करा, तिनं मागायची वाट बघू नका.

पैशाचं सरळ आहे. मानधन वाढवता येत नसेल तर तारीख तरी पाळा. अनुदान अडकलं तर तसं आधी सांगा. पेट्रोलचे पैसे आगाऊ द्या. स्वतःच्या खिशातून घालून बिलांमागं फिरायला लावलं की मुली भेटीच कमी करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. भेटींचा रस्ता आखताना वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठल्या शाळेत, कुठल्या अंगणवाडीत आहे तेही धरा. पुरुष संचालकांना हे सुचत नाही, म्हणून लिहून ठेवते. रात्री ठाण्यात थांबावं लागलं तर दुसऱ्या दिवशी न मागता सुट्टी. लग्न झालेली असेल तर सासूबाईंना आणि नवऱ्याला एकदा ऑफिसात चहाला बोलवा. सून रात्री कुठं जाते हे त्यांना आपल्या तोंडून कळलेलं बरं, गावाकडून कळण्यापेक्षा.

भरती करताना मला टक्क्यांपेक्षा मुलगी कुठून आली ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचा कॅम्पस आहे, जिल्ह्या-जिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालयं आहेत. तिथले विद्यार्थी क्षेत्रकार्याला घ्या, त्यांना ऊन आणि धूळ दोन्ही दाखवा. त्यातून जी स्वतः परत येईल तिला घ्या. ऊसतोड घरातली बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झालेली मुलगी मिळाली तर सोडू नका. तिनं लहानपणी कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, रात्री काढलेल्या असतात, तिला घर बघायला शिकवावं लागत नाही. मात्र तिला स्वतःचंच घर समोर दिसतं तेव्हा तो आठवड्याचा तास चुकवू नका.

एवढं करूनही काही जणी जाणारच. लग्न ठरतं, सरकारी जागा निघते. जाऊ द्या, पण निरोपसमारंभाच्या आधी जाणारीला नव्या कार्यकर्तीबरोबर प्रत्येक घरी फिरवा आणि मुलांना तिनं स्वतः सांगू द्या की आता ही ताई येणार. पोक्सोच्या केसमध्ये ती साक्षीदार असेल तर समन्स तीन-चार वर्षांनीही येऊ शकतं, तेव्हा ती सासरी असेल. त्या दिवशीचा प्रवासखर्च संस्था देईल आणि कोर्टात संस्थेचं माणूस सोबत असेल, असं पत्र तिच्या अनुभव-प्रमाणपत्राला जोडून द्या. तिचा नवा नंबर आणि पत्ता केसच्या फाइलवर लिहून घ्या.