मागाच्या खडखडाटातून काळा, फाटका आवाज कसा काढावा

बेळगावच्या वडगाव-खासबागेत यंत्रमाग, उद्यमबागेत फाउंड्र्या. असे आवाज दारात असताना 'डार्क इंडस्ट्रियल' सॅम्पल पॅक, म्हणजे गाण्यात वापरायचे तयार आवाज, विकत घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. बर्लिनच्या आइनश्टुर्झेंडे नॉयबाउटेन या बँडनं १९८० पासून पत्रे, ड्रिल आणि भंगार वाजवूनच नाव कमावलं.

मालकाला विचारून मोबाइलवर वेव्ह फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करा. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद, पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. धोटा पेटीत आदळतो तो ठोका कापून घ्या. वेग निम्मा केला की सूर एक सप्तक खाली येतो. ठोके ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या रेघांना, चिकटवू नका. मागाची लंगडी चाल तशीच राहू द्या.

आता डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणं. सगळं गाणं एकाच डिस्टॉर्शनमधून काढा, नॉब शेवटपर्यंत फिरवा, असा सल्ला सर्रास मिळतो. साफ चूक. मलाही सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्यानं. ५५ हर्ट्झचा बेस आणि ४०० हर्ट्झचा ठोका एकत्र फाडलात, तर २९० आणि ५१० असे दोघांच्याही घरचे नसलेले सूर उपटतात. असे ढिगानं जमले की नुसता चिखल. म्हणून आधी विभागणी करा. १२० हर्ट्झच्या खालचं स्वच्छ आणि मोनो (डावी-उजवीकडे सारखंच) ठेवा, हात लावू नका. वरच्या भागाची एक प्रत काढा आणि फक्त तीच फाडा, मूळ आवाज शेजारी राहू द्या. डिस्टॉर्शनच्या आधी फिल्टर, म्हणजे नको ते वरचे-खालचे सूर छाटणारी चाळणी, लावाच: काय फाटणार हे तोच ठरवतो. नंतरचा फिल्टर नुसता कर्कशपणा छाटतो. आणि दर वेळी आधीची व नंतरची पातळी सारखी करून ऐका. मोठा झालेला आवाज कानाला उगाच चांगला वाटतो, तिथंच निम्मे लोक फसतात.

रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, डिस्टॉर्शनच्या आधी. उलट क्रमानं लावलात तर आवाज देवळातल्यासारखा सोज्वळ होतो, आणि तो आपल्याला नकोय. डिस्टॉर्शनच्या प्लगइनमध्ये (सॉफ्टवेअरला जोडायच्या पुरवणीत) ओव्हरसँपलिंग, म्हणजे आतल्या आत जास्त बारीक नमुने घेण्याची सोय, असेल तर चारपट ठेवा, नाहीतर वरचे सूर उलटे दुमडून खाली येतात.

रेकॉर्डिंगमध्ये विजेची ५० हर्ट्झची घरघर आली तर पुसत बसू नका. ती जवळपास 'जी'च आहे, बेस त्याच सुरात लावा.

शेवटी लिमिटर, म्हणजे आवाजाला ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा अडसर, उणे १ डेसिबलवर. हेडफोनचा आवाज कमी ठेवा, आणि मागाजवळ उभं राहताना कानात बोळे हवेतच.