समोर बसून दाखवायच्या कड्या

इंदूरला घरच्या वाढदिवसात कड्यांची जादू, म्हणजे धातूच्या अखंड दिसणाऱ्या कड्या एकमेकींत अडकवून पुन्हा सोडवायची, करणार असाल, तर आठ मोठ्या कड्यांचा संच कपाटातच राहू द्या, तो रंगमंचाचा. दिवाणखान्यात चार इंची चार कड्या पुरतात. प्रयोग निवडताना मी एकच बघतो: एखादी जोडणी समोरच्या काकूंच्या मुठीत होते का? खरी टाळी तिथेच.

कड्या तपासायला द्यायच्या त्या सुरुवातीलाच, कुणी मागायच्या आत. जिची फट बोटांनी झाकायची ती कडी मात्र हातातच, आणि तिच्याकडे बघायचं नाही. तुम्ही बघाल तिकडे सगळे बघतात. जोडताना आपटू नका, हळूच घासत न्या. सराव गादीवर करा, फरशीवर खणखणाट फार होतो. तीन-चार जोडण्या झाल्या की सगळ्या सुट्या करून थांबा.