मोठी फाइल वाचताना रॅम कुठं जाते, ते घरीच कसं पाहावं

लग्नाचा व्हिडिओ घेऊन कोणी आलं की डायलॉग ठरलेला रायते, "भाऊ, फाइल चालवली अन् रॅम भरली, फॉरमॅट मारून द्या ना." फॉरमॅट काहून मारता बाप्पा, आधी हे करून पाहा. लायनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) पायजे फक्त, माझा तर 4 जीबी रॅमचा जुना उबंटूवाला लॅपटॉप हाय.

लॅपटॉप रीस्टार्ट करा, लाइट जाईन त्याआधी. टर्मिनलात (कमांड टाइप करायची खिडकी) इंग्रजीत फ्री, स्पेस, डॅश एच टाका. फ्री, बफ-कॅश अन् अव्हेलेबल, या तीन खान्यांतले आकडे कागदावर लिहून ठेवा.

आता दीडेक जीबीची फाइल घ्या अन् टाका: टाइम, कॅट, फाइलचं नाव, ग्रेटर-दॅनचं चिन्ह, स्लॅश डेव्ह स्लॅश नल. म्हणजे फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची अन् फेकून द्यायची. माझ्या फिरत्या हार्डडिस्कवर पंधरा सेकंद लागले. तीच कमांड लगेच पुन्हा मारली तं अर्धा सेकंद! काहून, तं पहिल्या वेळेस वाचलेलं सगळं कर्नलनं (रॅम-डिस्क सांभाळणारा लायनक्सचा गाभा) रॅममधी ठेवून घेतलं, 4 केबीचं एकेक पान करून, यालेच पेज कॅश म्हणतात.

अन् त्यातही गंमत हाय. पंगतीत वाढपी ओळीनं चालला की भट्टीजवळचा माणूस त्यानं मागायच्या आधीच वरणाची दुसरी बादली भरून ठेवते ना, तसंच कर्नल पाह्यते की वाचणारा सरळ पुढं चालला, मंग तो पुढचा भाग आधीच आणून ठेवते, आधी थोडा, मंग वाढवत वाढवत साधारण 128 केबीपर्यंत. याले रीडअहेड म्हणतात. कोणी इथून बुंदी, तिथून भाजी असं ओरडत रायलं तं बादली भरून काही फायदा नाही, म्हणून वाचणं इकडंतिकडं उड्या मारत असलं की तो हात आवरते.

आता फ्री पुन्हा पाहा. फ्रीचा आकडा धपकन खाली, बफ-कॅश तेवढाच वर, पण अव्हेलेबल जवळपास तिथंच! खरा आकडा हाच. दुसऱ्या प्रोग्रामले जागा लागली तं ही पानं लगेच सोडता येतात, डिस्कवर तसंच्या तसं पडूनच हाय, लिहायची गरज नाही. अन् एकदाच वाचलेली पानं 'इनॅक्टिव्ह' यादीत रायतात, ती आधी जातात. दुसऱ्यांदा कामात आली तं 'अ‍ॅक्टिव्ह' मधी चढतात. म्हणून एक पिक्चर पाह्यला म्हणून तुमचं रोजच्या कामाचं सगळं बाहेर फेकलं जात नाही (तरी कधी कधी जाते, तो काही देव नाही).

कॅश खाली करून पाहायची असन तं आधी सिंक मारा (लिहायचं बाकी असन ते डिस्कवर उतरवणारी कमांड), मंग रूट म्हणजे सगळे हक्क असलेला युजर होऊन स्लॅश प्रॉक स्लॅश सिस स्लॅश व्हीएम मधल्या ड्रॉप-कॅशेस फाइलीत 3 लिहा. अन् मंग तीच कॅटची कमांड मारा, पुन्हा पंधरा सेकंद! व्हिडिओत पाहून हे रोज "रॅम साफ" म्हणून करणारे लोक हायेत, त्यांचा लॅपटॉप हळू चालते अन् ते मले फॉरमॅट मागतात.