घोड्याचा घरगुती रेझिस्टन्स बँड वर सरकत असेल तर
दुडक्या चालीत मागचा बँड (व्यायामासाठी घोडीच्या मांड्यांमागून फिरवून दोन्ही बाजूंना अडकवायचा ताणणारा पट्टा) सरकून शेपटीखाली जायचा, घोडी शेपूट दाबून पाठ ताठ करायची, जाम वैताग आला होता. घट्ट केला, खोगिराखालच्या पॅडला शिवला, तर पॅडच मागे ओढला जायचा. शेवटी जमलं ते असं: आधी छातीपट्टा लावून तंग (पोटाखालचा पट्टा) आवळला, मग बँडची टोकं पॅडऐवजी तंगाच्या बाजूच्या कड्यांना झटकन सुटणाऱ्या हुकांनी अडकवली, मागचा भाग शेपटीच्या बराच खाली, मांडीच्या मध्यावर आणि तिथे मऊ कापडाची नळी चढवली म्हणजे केस घासत नाहीत. ताण मोजूनच, सैल 100 सेंमी तर लावल्यावर 130, जास्त नकोच. सुरुवातीला हातात धरून फक्त 5 मिनिटं चालवायचं, लाथ मारत नाही ना बघून मगच दुडकी. आता बँड जागचा हलत नाही आणि घोडी पोट छान आत घेते.