पावलं आणि वळणं: भूमिती शिकवताना या चुका टाळा

'तीन पावलं चाल, उजवीकडे १२० अंश वळ, असं तीनदा कर.' एवढ्यात समभुज त्रिकोण होतो. १९६७ मध्ये सीमोर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा केली. तिच्यातलं कासव, म्हणजे आज्ञेप्रमाणं रेघ काढत पडद्यावर फिरणारी खूण, असंच चालतं. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत त्यासाठी संगणकाची वाट बघत बसायचं कारण नाही. खडू, दोरी आणि पटांगण पुरे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे १२० च्या जागी ६० सांगणं. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत फळ्यावर '६० अंश वळ' असंच लिहिलं होतं. एक मुलगी तीन बाजू चालली आणि थांबली. ''सर, हा त्रिकोण मिटेनाच की!'' ''नीट वळ,'' म्हणून सर तिच्यावरच ओरडले. पोरगी अगदी बरोबर वळत होती. मी तिला तसंच पुढं चालायला सांगितलं. सहाव्या बाजूला ती सुरुवातीच्या खुणेवर आली, खाली षटकोन तयार. मग मुलांनीच हिशेब केला: ६० गुणिले ६ म्हणजे ३६०, मग तीन वळणांत ३६० करायचे तर एका वळणाला १२०.

त्रिकोणाचा आतला कोन ६०च असतो, पण चालणारा वळतो तो बाहेरच्या कोनातून. '१८० मधून वजा करा' ही पळवाट पहिल्याच दिवशी देणाऱ्यांचा मला राग येतो. उत्तर येतं आणि समज तिथंच खुंटते. वळण्याआधी मी चालत आलेली रेघ खडूनं तुटक-तुटक पुढं वाढवून घेतो. कोनमापकाची शून्य रेषा त्या तुटक रेघेवर ठेवायची, मागच्या बाजूवर नव्हे.

दुसरी चूक शेवटचं वळण गाळण्याची. चौकोन मिटला की मुलं पळतात. वळणं मोजा, २७० भरतात. सुरुवातीला तोंड वर्गाच्या दाराकडं असेल तर शेवटीही ते दाराकडंच आलं पाहिजे. रेघ स्वतःला कापत नसेल तर बंद आकृतीच्या वळणांची बेरीज ३६०च येते, उजवं वळण अधिक आणि डावं उणे धरून (उलट दिशेनं फेरी मारली तर उणे ३६०). पाच टोकांच्या चांदणीत मात्र १४४ ची पाच वळणं, म्हणजे ७२०, दोन पूर्ण फेऱ्या. हे पायानं अनुभवलेलं मूल विसरत नाही.

मुलासमोर उभं राहून स्वतःच्या हातानं 'उजवीकडं' दाखवू नका. त्याच्या मागं राहा, त्याच्याबरोबर चाला.

एका आकृतीत दोन मुलांची पावलं मिसळू नका. नाहीतर मापाला दोरी घ्या.

सप्तकोनाला ५१ अंश घेतले तर बेरीज ३५७ होते आणि टोकं जुळत नाहीत. ती फट खडूनं बुजवू नका, तिच्यावर एक तास द्या.

संगणक यानंतर. सुरुवातीला पायथन या संगणकभाषेतलं कासव उजवीकडं तोंड करून असतं, लोगोचं वर. हे आधी सांगा. पुनरावृत्तीची आज्ञा शिकवायची घाई नको, मुलं लांबलचक लिहून कंटाळली की स्वतःच मागतात. वर्तुळासाठी १ पाऊल, १ अंश, ३६० वेळा; त्रिज्या साधारण ५७ पावलं येते. मोठं हवं म्हणून मुलं अंश वाढवतात आणि वर्तुळ आणखी लहान होतं. त्यांना तसं करू द्या, मग पाऊल वाढवून बघायला सांगा.