खोडव्याचं पाचट शेतातच कसं कुजवावं

ऊस तुटून गेला की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या फडांतून धुराचे लोट उठायला लागतात. खोडव्यात (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात) पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, आडवं येतं म्हणून काडी लावतात. एकरी तीन-चार टन पाचट असं जातं. मला ते बघवत नाही, कारण मातीतल्या जिवाणू-बुरशींची वर्षाची बेगमीच ती.

आधी हे जिवाणू पाचट खातात कसं, हे समजून घ्या. पाचटातला सेल्युलोज त्यांच्या पेशीत मावत नाही. म्हणून ते विकरं (एन्झाइम) बाहेर सोडतात, सेल्युलोजची साखर करतात आणि ती शोषून घेतात. त्यातला निम्म्याहून जास्त कार्बन श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन जातो; त्यातून ऊर्जा मिळते. उरलेल्यातून त्यांचं शरीर बनतं, नवी पिढी वाढते. त्या शरीराला साधारण 8 भाग कार्बनामागे 1 भाग नत्र लागतं. पाचटात मात्र 100 भागांच्या आसपास कार्बन आणि 1 भाग नत्र. तुटवडा पडला की जिवाणू मातीतलं नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग दोष पाचटावर येतो.

म्हणून त्यांना नत्र आपण द्यायचं. पहिल्यांदा बुडखे जमिनीलगत छाटा आणि पाचट (कानडी शेजाऱ्यांची रवदी) सरीत पसरून घ्या. बुडखे मोकळे राहू द्या, नाहीतर फुटवे दबतात. टनामागे 8 किलो युरिया आणि 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका. पाचट कुजवणारे जिवाणू टनाला 1 किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून वरून विस्कटा. लगेच पाणी द्या.

पाणी बेतानं द्या. कृष्णाकाठच्या काळ्या रानात ही चूक फार होते. हवा असेल तर साखरेच्या एका रेणूतून पेशीला ऊर्जेची साधारण 30 नाणी मिळतात. पाणी साचून हवा कोंडली आणि नुसतं आंबवणं उरलं, तर दोनच. कुजणं मंदावतं, घाण वास सुटतो. खानापूरच्या तांबड्या मातीत उलटं, ओल लवकर उडते, तिथं पाण्याची पाळी जवळ घ्या.

महिनाभरानं पाचट उचलून बघा. खाली पांढरे धागे आणि पहिल्या पावसाचा वास असेल तर काम चालू आहे. मोठ्या बांधणीच्या (उसाच्या बुडाला माती चढवायच्या) वेळी पाचटाची काडी बोटांनी चुरडते, तेव्हा ती मातीत मिसळा.